एरर वाचून दाखवणारा माणूस

"तुमच्या छत्रीचं पाणी माझ्या कीबोर्डवर गळतंय."

तो माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. यातून पुढे काही होईल असं तेव्हा मला तरी वाटलं नाही.

"सॉरी हं," मी छत्री मागे ओढली. "तिथे कीबोर्ड आहे हे दिसलं नाही मला."

"अहो, एवढा मोठा कीबोर्ड—"

तो बोलता बोलता अडखळला. माझ्या दुसऱ्या हातातली पांढरी काठी त्याला आत्ता दिसली असणार. हा क्षण मला तोंडपाठ आहे. यानंतर माणसं एक तर मी बहिरी असल्यासारखी ओरडून बोलू लागतात, नाहीतर त्यांचा आवाज आजाऱ्याच्या खोलीत शिरल्यासारखा मऊ होतो. दोन्हींपैकी काय येतंय याची वाट बघत मी उभी राहिले.

"—तरीपण गळतंयच," तो म्हणाला. "अजून जरा डावीकडे धरा."

मला हसूच आलं. छत्री डावीकडे धरली.

दुकान काकांचं, म्हणजे कॉलेजपासून माझे लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या काकांचं. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून हा पुतण्या दुकान सांभाळत होता. लहानपणी घरातली घड्याळं उघडून बसायचा म्हणून काका त्याला 'खटपट्या' म्हणायचे, एवढं मी ऐकून होते. मीही मनातल्या मनात तेच नाव देऊन टाकलं.

"बोला, काय झालंय?"

"वाणी बसत नाहीये."

वाणी म्हणजे स्क्रीनवरचं मराठी मोठ्याने वाचणारा प्रोग्राम. हौशी माणसांनी मिळून बनवलेला, फुकट मिळणारा. माझा जुना लॅपटॉप गेला आणि त्याच्याबरोबर वाणीही गेली. दादाने नवा आणून दिला, पण त्यावर ती काही केल्या बसेना. नव्या लॅपटॉपला त्याचा स्वतःचा एक आवाज होता. तो इंग्रजी फाडफाड वाचायचा, पण मराठी आलं की मिठाची गुळणी धरून बसायचा. आणि वाणी बसवताना जी काळी खिडकी उघडायची, तिच्यातलं तर त्याला काहीच कळायचं नाही. नुसतं म्हणायचा, 'विंडो', की गप्प.

"एरर काय येते?"

"वहिनी म्हणाली, काहीतरी लाल आलंय."

"लाल काय?"

"अक्षरं असावीत."

"मग वाचली नाहीत त्यांनी?"

"कुणीच वाचत नाही हो. दादा म्हणतो, 'काही नाही गं, एरर आहे.' आजवर मला एररबद्दल एवढंच कळत आलंय, की ती आली आहे."

मला वाटलं तो हसेल. त्याने खुर्ची ओढली, लॅपटॉप उघडला, वाणी बसवायला घेतली आणि... वाचायला लागला.

अगदी पहिल्या अक्षरापासून. प्रोग्रामचं नाव, आवृत्ती, तारीख. कुठला तुकडा उतरवला, कुठला उघडला, कुठे ठेवायला गेला, तिथे काय झालं. तिरप्या रेघा, टिंबं, कंस, सगळं सगळं. मध्ये एक लांबलचक ओळ आली, तीही त्याने श्वास घेत घेत पूर्ण केली. 'वगैरे' म्हणाला नाही. 'पुढे असंच आहे' म्हणाला नाही. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि आत एक अनोळखी माणूस मला काळ्या खिडकीतली लाल अक्षरं वाचून दाखवत होता, घरचा पेपर वाचावा तशी निवांत.

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू?

"एवढं सगळं लिहिलेलं असतं?" मी विचारलं.

"असतंच. बिचारं मशीन सगळं सांगत असतं. ऐकून कोण घेतं?"

"आणि मला इतकी वर्षं वाटायचं, त्यात नुसतं 'एरर' एवढंच लिहितात."

त्याने माउसचं चाक उलटं फिरवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "परत एकदा वाचू का? सुरुवातीपासून?"

आणि खरोखर परत वाचलं!

दुसऱ्यांदा वाचताना तो एका जागी थांबला. "हे बघा... म्हणजे, ऐका. सगळे शेवटची ओळ धरतात. पण शेवटी नुसती रडारड असते. पोरांच्या भांडणात कसं, चारही जणं भोकाड पसरून येतात, पण पहिल्यांदा कोण रडलं ते शोधावं लागतं. इथे पहिली तक्रार आहे, 'हा फोल्डर उघडता येत नाही.' आणि फोल्डरचं नाव काय, तर प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह." तो पुटपुटला, "तीनच. लॅपटॉपवर तुमचं नाव काय टाकलंय?"

"दादाने टाकलंय," मी सावरून बसले. "घरातलं नाव. मराठीत."

"काय?"

"...चिऊ."

तो हसला. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात, पण माझे कान तिखट आहेत.

"म्हणजे मराठी वाचणाऱ्या प्रोग्रामला मराठी नाव वाचता येईना!" तो म्हणाला. "कमाल आहे. ठीक, त्याला दुसऱ्या फोल्डरमध्ये नेऊ. आणि मी... चिऊ म्हटलं तर चालेल?"

"अजिबात नाही."

"बरं."

फोल्डर बदलला, पण प्रश्न काही मिटला नाही. गाडी एक पाऊल पुढे जाऊन दुसऱ्या तक्रारीवर अडली. एक तुकडा कमी होता. तो आणला तर म्हणाला, मला अमुक हवा. अमुक आणला तर त्याला तमुक. माझ्या तर डोक्यावरून जायला लागलं. खटपट्या मात्र रंगात आला होता.

"वाणी म्हणजे एकटी वाणी नाही," तो सांगू लागला. "आवाज वेगळ्याने केलाय. आकड्यांना 'एकोणसत्तर', 'एकोणऐंशी' म्हणायचं हे सांगणारा तुकडा वेगळ्याचा. आणि हा... थांबा, हा जोडाक्षरं सोडवणारा. याच्या डोक्यावर करणाऱ्याने दोन ओळी लिहिल्यात. वाचू?"

"विचारता काय? वाचा!"

"'मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलं जिथे जिथे अडखळायची ते सगळे शब्द यात घातले आहेत. कुणाच्याही उपयोगी पडावं.'"

पदवीपर्यंतची पुस्तकं, बँकेचे कागद, दादाचे चिडके मेसेज, वहिनीच्या पाककृती, सगळं माझ्यापर्यंत ज्या आवाजातून आलं, त्या आवाजात एक बाई बसलेली होती. तिच्या वर्गातली अडखळणारी मुलं बसलेली होती. त्यांच्यामागे आकडेवाला, त्याच्यामागे आणखी कोण कोण. ना ओळख ना पाळख, कुठल्या गावची ही माणसं, आणि आपापली कामं उरकून माझ्यासाठी उच्चार घासून ठेवत होती. मी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रीमंत असल्यासारखं मला एकदम वाटलं.

"इतक्या जणांनी माझ्यासाठी..." मी म्हणाले.

"तुमच्यासाठी म्हणून नाही," तो हळूच म्हणाला. "कुणासाठी तरी."

"म्हणजे माझ्यासाठीच की!"

तो सावकाश म्हणाला, "खरंय. असा विचार मी कधी केला नव्हता."

एक गोष्ट इथे सांगायला हवी. बोलणारा स्क्रीनकडे बघतोय की माझ्याकडे, ते मला आवाजावरून कळतं. स्क्रीनकडे बघून बोललं की आवाज काचेवर आपटून येतो. आणि हे शेवटचं वाक्य काचेवर आपटलं नव्हतं.

———

मी रोज दुपारी दुकानात जाऊ लागले. वहिनी म्हणाली, "लॅपटॉप आहे की लहान बाळ? रोज दाखवायला नेतेस ते!" गाल गरम झाले ते तिने बघितले असतीलच. एरर वाचत नसली तरी चेहरा वाचते ती.

पण माझी घाई खरी होती. मुलांची शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका संस्थेत मला मुलाखतीला बोलावलं होतं. पुस्तक छपाईला जाण्याआधी ते कानाने तपासायचं, डोळ्यांना न सापडलेल्या चुका पकडायच्या. या कामासाठी मी जन्मले आहे असं मला वाटत होतं. चार ठिकाणी 'कळवतो' ऐकून आल्यावर हे पहिलं असं काम होतं, जिथे माझं न दिसणं आड येत नव्हतं. अट एकच होती. तिथल्या संपादकबाई फोनवर सरळ म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे दर खोलीत वेगळं मशीन आहे. आज या खोलीत बसाल, उद्या त्या. तुमचा जो काही आवाज आहे तो ज्याच्या त्याच्यावर तुमचा तुम्हालाच बसवावा लागेल. मदतीला माणूस देता येणार नाही. मुलाखतीला तेच करून दाखवा."

तारीख पुढच्याच आठवड्यातली होती, आणि इथे माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवरही वाणी बसत नव्हती.

एके दिवशी मी शेजारच्या टपरीवरून दोघांसाठी चहा घेऊन आले. दारात पाऊल टाकते तोच आतून आवाज आला, "नमस्कार. वाणी सुरू झाली आहे."

चहा सांडायचाच राहिला. तोच आवाज! जुना, थोडा घोगरा, 'ळ' म्हणताना किंचित रेंगाळणारा. मी लॅपटॉपवर झेपावलेच. दादाचा मेसेज उघडला, तिने वाचला. बातम्या उघडल्या, तिने वाचल्या. मला नाचावंसं वाटत होतं.

"कसं केलंत?"

"काही नाही हो," त्याच्या आवाजात शाबासकी घ्यायची तयारी होती. "खिडकीत एक बारीकशी खूण होती. माउसने तिथे टिचकी मारली, मग अजून एका ठिकाणी मारली. झालं."

माझा आनंद तिथल्या तिथे विझला.

"माउसने."

"हो."

"आणि मुलाखतीच्या खोलीत माउस कोण फिरवणार? ती खूण कोण बघणार?"

"अं... पण आता लॅपटॉपवर तर बसलीये ना?"

"मला लॅपटॉप दुरुस्त करून नको होता!" माझा आवाज चढला. "मला तो दुरुस्त करता यायला हवा होता. सगळं सांगितलं होतं मी तुम्हाला. दादा असाच करतो, वहिनी अशीच करते. 'दे इकडे, मी करते.' माझ्या हातातून काढून घेतात आणि वर उपकार केल्यासारखे हसतात. मला वाटलं होतं, तुम्ही..."

पुढचं वाक्य मला पूर्ण करता आलं नाही. पूर्ण केलं असतं तर भलतंच काहीतरी बाहेर पडलं असतं. लॅपटॉप उचलला, दोन्ही चहा तिथेच ठेवले आणि निघाले. तो मागून काहीतरी म्हणाला, पण पावसाचा आवाज मोठा होता.

घरी वहिनीने एकदा विचारलं, "बसली का तुझी वाणी?"

"बसली."

"मग तोंड का असं?"

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. रागापेक्षा मला वाईट जास्त वाटत होतं. जो माणूस टिंबसुद्धा गाळत नव्हता, त्याने मलाच गाळलं होतं.

———

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"मी सकाळपासून मॉनिटरची वायर काढून बसलोय," तो म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "स्क्रीन नाही, माउस नाही. नुसता कीबोर्ड आणि मशीनचा तो इंग्रजी आवाज. वाणी बसवतोय. अजून बसली नाहीये. गिऱ्हाइकं हसून गेली. काका म्हणाले, पोरगं कामातून गेलं."

मला हसू दाबावं लागलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "पण मला ते नीट कसं करायचं तेच माहीत नाही. तुम्हाला कानाने मशीन चालवता येतं, मला येत नाही. याल का? शिकवाल?"

यावर कोण नाही म्हणेल?

गेले. माझा लॅपटॉप उघडला, त्यावर बसलेली वाणी काढून टाकली आणि ती पहिल्यापासून बसवायला लागले. दोन-तीन ओळी ऐकून झाल्यावर लक्षात आलं, खटपट्याचा श्वास थांबलाय.

"हे... हे काय चाललंय?"

"का? मशीन वाचतंय."

"हे वाचणं आहे? मला तर कढईत मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतंय! तुम्हाला यातलं कळतं?"

"सगळं."

"शेवटचं वाक्य काय होतं?"

मी सांगितलं. त्याने मला अजून एक वाक्य विचारलं, मग अजून एक. मग तो खुर्चीत मागे रेलला, खुर्ची करकरली, आणि तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाप रे."

लोक माझ्याबद्दल बरंच काय काय म्हणतात. धीराची आहेस, गोड आहेस. 'बाप रे' मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी आवाजाचा वेग त्याच्यासाठी कमी केला. मग अजून कमी केला. एवढ्या सावकाश मी स्वतःसाठी कधीच ऐकलेलं नव्हतं. त्या संथ आवाजात आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून, एका शब्दानंतर दुसऱ्या शब्दाची वाट बघत बसलो. त्याच्या बाहीला तारा जोडायच्या सोल्डरच्या धुराचा वास येत होता, आणि मला तो वास आवडतो हे मला तेव्हाच कळलं.

पुन्हा ती काळी खिडकी आली. 'विंडो', मशीन म्हणालं, आणि गप्प.

"हिच्यापुढे मात्र हात टेकले," तो म्हणाला. "सकाळपासून इथेच अडलोय."

मी विचार करत होते. "मला एक सांगा. या खिडकीत जे लिहून येतं, ते तिने दुसरीकडे लिहावं असं सांगता येतं का? साध्या फाइलमध्ये? फाइल तर माझा आवाज वाचू शकतो."

तो काहीच बोलला नाही. इतका वेळ बोलला नाही, की मी हात पुढे करून तो आहे ना ते चाचपलं. हात त्याच्या मनगटावर पडला.

"येतं," तो म्हणाला. "एक शब्द जोडायचा फक्त. ती सगळं फाइलमध्ये ओतते, अगदी पहिल्या तक्रारीपासून."

"मग इतके दिवस...?"

"मला खिडकी दिसत होती ना," तो खजील होऊन म्हणाला. "त्यामुळे कधी सुचलंच नाही."

मी खळखळून हसले. तोही हसला. मनगटावरचा हात काढायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

तो शब्द जोडला, फाइल तयार झाली आणि माझ्या आवाजाने ती वाचली. सगळी. आता पहिली तक्रार मी शोधत होते आणि खटपट्या नुसता ऐकत होता. माउसने टिचकी मारायच्या जागी कीबोर्डचे दोन शब्द निघाले. वाणी बोलली तेव्हा मशीनला फक्त माझी बोटं लागलेली होती.

मग आमची शाळा सुरू झाली. दुकानात दुरुस्तीला आलेली, धूळ खात पडलेली सगळ्या जातीची मशीनं त्याने एका ओळीत मांडली. विंडोज, मॅक, लिनक्स. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. विंडोज बसवू देतं, पण नंतर कुठे काय ठेवलं ते विसरतं. मॅक नाक मुरडून म्हणतं, 'हा प्रोग्राम अनोळखी माणसाने बनवलाय, मी उघडणार नाही.'

"आमची आत्या आहे अगदी," मी म्हणाले. "अनोळखी माणसाला दारात उभं करत नाही."

"मग आत्याला काय सांगायचं?"

"की हा माणूस माझ्या ओळखीचा आहे. जबाबदारी माझी."

"असं सांगाल?"

"मॅकला सांगेन," मी म्हटलं. "आत्याचं आत्ताच कशाला?"

त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला आणि तो बराच वेळ टेबलाखाली शोधत बसला.

लिनक्स सगळ्यांत सरळ. काय हवंय ते स्पष्ट मागतं. पण पाठीमागे दुसरं काही बसत असेल तर ठाम सांगतं, 'आधी याचं होऊ दे.' मला भारी घाई. मी दरवेळी मध्येच तोडायला जायची आणि खटपट्या म्हणायचा, "थांबा. थांबणं हाही एक उपाय असतो."

कुणी मुलगा आपल्या आवडत्या मुलीसाठी फुलं आणतो. हा माझ्यासाठी रोज नवी एरर तयार ठेवायचा. मी दारात आले की म्हणायचा, "आज काय मोडून ठेवलंय ते सांगणार नाही." आणि मी ते शोधून काढलं की त्याला माझ्याहून जास्त आनंद व्हायचा. मी मनाशी म्हणायचे, अशा लाडांची सवय लागली तर पुढे माझं काय होणार?

———

मुलाखतीच्या दिवशी त्याने सोबत येऊ का विचारलं. मी नको म्हणाले. "बरं," म्हणाला, आणि एवढंच म्हणून थांबला, याबद्दल मी त्याला मनोमन शंभर मार्क दिले.

संपादकबाईंनी मला एका खोलीत नेऊन बसवलं. खोलीला जुन्या कागदांचा वास होता आणि पंख्याचं एक पातं लचकत होतं. "हे मशीन," त्या म्हणाल्या. "हा पासवर्ड. मी इथेच बसते. पण मी काही सांगणार नाही हं." त्यांच्या विणकामाच्या सुया टिकटिकायला लागल्या.

मशीनचा इंग्रजी आवाज चालू केला. लिनक्स! जीव जरा थाऱ्यावर आला. पेनड्राइव्ह लावला, वाणी बसवायला घेतली, तक्रारी पेनड्राइव्हवरच्याच फाइलमध्ये लिहायला सांगितल्या. क्षणभर सगळं शांत. मग एक घंटी, मग दुसरी, आणि मग घंट्यांची रांगच लागली.

फाइल उघडली. शेवट ऐकला, 'आवाज मिळाला नाही.' त्याच्या वर, 'तुकडा अर्धवट आहे.' त्याच्या वर, 'तुकडा खराब आहे.' असलं काही त्याने कधी मोडून ठेवलेलं नव्हतं. सुया टिकटिकत होत्या. दुकान आठवलं, तो आठवला, पण तो इथे नव्हता, आणि मीच नको म्हटलं होतं.

मग मी आवाजाचा वेग कमी केला. त्याच्यासाठी केला होता तेवढा. आणि पहिल्या ओळीपासून ऐकायला बसले. नाव, आवृत्ती, तारीख. उतरवलं. उघडलं. ठेवायला गेलं... आणि तिथे ती बसली होती, सगळ्यांत आधी रडलेली ओळ. 'जागा शिल्लक नाही.'

एवढंच! खराब काही नव्हतं, हरवलेलं काही नव्हतं. बिचाऱ्या मशीनमध्ये जागाच उरली नव्हती, म्हणून प्रत्येक तुकडा अर्धाच मावत होता.

"बाई," मी म्हणाले, "या मशीनमध्ये जागा नाही. मी तुमचं काही पुसणार नाही. पण टाकून दिलेल्या फायलींची टोपली भरलीये, ती रिकामी केली तर चालेल?"

सुया थांबल्या. "अगं बाई, ती कुणी रिकामीच केली नाही वाटतं! कर, कर."

टोपली रिकामी केली. पुन्हा सुरुवात केली. घंटी वाजली नाही. पंखा लचकत होता, बाहेर कुणीतरी सायकल लावली, आणि त्या अनोळखी खोलीत, अनोळखी मशीनमधून ती म्हणाली, "नमस्कार. वाणी सुरू झाली आहे."

माझे डोळे भरून आले. ती शिक्षिका, तो आकडेवाला, सगळी सगळी माणसं त्या खोलीत येऊन बसली होती आणि त्यांना बोलावलं होतं मी. एकटीने. कुणाचा हात न धरता. एवढी ताकद माझ्या बोटांत आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. मी नुसती बसून राहिले, वरदान मिळाल्यासारखी.

"वा," बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा ओला होता. "आता हा धडा तपास बघू."

मी तपासला. सहावीचा भूगोल होता. चुका भरपूर निघाल्या. सोमवारपासून ये म्हणाल्या.

———

दुकानात पोचले तेव्हा शटर अर्धं खाली होतं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. मी वाकून आत गेले. तो उभा राहिला असावा, खुर्ची मागे सरकली.

"मिळालं," मी म्हणाले.

त्याने इतका मोठा श्वास सोडला, की सकाळपासून तो धरूनच बसला होता की काय असं वाटलं. मग मला सगळं सांगावं लागलं, ओळीओळीने, त्याला एकही गाळलेली चालत नव्हती. जागा शिल्लक नाही हे ऐकल्यावर तो टेबलावर हात आपटून हसला. "हे मला सुचायला हवं होतं!"

पत्र्यावर उरलंसुरलं पाणी ठिबकत होतं.

"म्हणजे आता..." तो म्हणाला, "आता तुम्हाला माझी गरज नाही."

"नाही."

"विंडोजला?"

"नाही."

"मॅक, लिनक्स?"

"नाही. कशालाच नाही."

"चांगलंय," तो म्हणाला. आवाज काचेवर आपटून आला. माझ्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. "खूपच चांगलंय. तेच तर करत होतो आपण."

"ऐक," मी म्हणाले. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते कळलंच नाही. मुलाखतीत एवढी भीती वाटली नव्हती. "मी हे मागच्याच आठवड्यात बोलणार होते. पण तेव्हा माझं अडलेलं होतं. तेव्हा बोलले असते, तर तुलाही वाटलं असतं आणि मलाही वाटलं असतं, की अडल्यापोटी बोलतेय. आज माझं काहीच अडलेलं नाही. तू नसलास तरी मी सोमवारी कामावर जाईन, मशीन लावीन, पुस्तकं तपाशीन. सगळं करीन. म्हणून आजच सांगते... मला तू हवास. कामासाठी नाही. नुसता हवास. तुझं काय?"

थेंब पडत राहिले. एक, अजून एक, अजून... तो काहीच बोलेना. चुकलंच आपलं. बोलायला नको होतं. काठी कुठे ठेवली मी?

"अरे, काहीतरी बोल ना!"

"मी... मी मान हलवली," तो म्हणाला.

"मला कशी कळणार?"

"हो की. विसरलो. देवा..."

"कशी हलवली? आडवी की उभी?"

"उभी," तो म्हणाला. "केव्हापासून."

मी हात पुढे केला. बोटांना आधी त्याची हनुवटी लागली, मग गाल. गाल ओला होता. आणि तो अजूनही मान हलवत होता, वर खाली, वर खाली, थांबतच नव्हता.